मदत हवी आहे: किर्लोस्करवाडीच्या नांगराबद्दल शेतकऱ्यांची बाजू कुठे सापडेल?

एम.ए.च्या प्रबंधासाठी किर्लोस्कर कारखान्याचा १९१० ते १९४८ हा काळ अभ्यासते आहे. विषय आहे लोखंडी नांगर खेड्यापर्यंत कसा विकला गेला, उधारी-वसुली कशी चालायची.

१९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे मिळाले तेवढे अंक वाचून झाले. पण ते कारखान्याचंच मुखपत्र. त्यातला शेतकरी नेहमी समाधानीच दिसतो! लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा समज होता, पहिले नांगर विकायला फार वेळ लागला, हे सगळेच सांगतात. तेही शेवटी कारखान्याच्याच आठवणींतून आलेलं. एवढ्यावर प्रबंध उभा करणं मला पटत नाही. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे छापील अहवालही पाहिले, त्यात नांगराच्या प्रसाराची माहिती आहे, पण गावपातळीवरचं काही नाही.

कारखान्याला माळरान दिलं औंध संस्थानाने, म्हणून आता संस्थानी दप्तराकडे वळायचं आहे. मोडी सावकाश का होईना, वाचता येते. नोकरीमुळे महिन्यातून दोनच दिवस प्रवास जमतो, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी खेप घालणं परवडणारं नाही. मुलाखतींचा विचार केला होता, पण त्या पिढीतलं आता कोण भेटणार?

विलीनीकरणानंतर औंधचे महसूल आणि तगाईचे (शेतकऱ्यांना दिलेल्या सरकारी कर्जाचे) कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले, कोल्हापूरच्या, की साताऱ्या-सांगलीच्या जिल्हा अभिलेख कक्षात? आणि जुन्या नांगर-विक्रेत्यांच्या खतावण्या कुणी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत का?