‘इंटिजर ओव्हरफ्लो’साठी मराठी शब्द?

प्रश्न : इंटिजर ओव्हरफ्लो म्हणजे संगणकातला आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणं. इंटिजरला पूर्णांक आहेच, अडतं ते ओव्हरफ्लोपाशी. वर्गात मी ‘ओसंडणे’ म्हणतो. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, ओसंडलं तरी भांडं भरलेलंच राहतं ना? मग इथे शून्य कसं उरतं?” मला उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद १ : तिची शंका अगदी रास्त आहे. दूध उतू गेलं तरी पातेलं रिकामं होत नाही. आठ बिटांच्या, म्हणजे 0 किंवा 1 लिहायच्या आठ घरांच्या, चिन्हविरहित (उणे आकडे नसलेल्या) पूर्णांकात मात्र 255 मध्ये 1 मिळवला की 0 येतो. यासाठी पहिलीदुसरीतला ‘हातचा’ आठवा. आठही घरांत 1 आहे. हातचा एक डावीकडे सरकत जातो, नववं घरच नाही, तो गळतो. म्हणून ‘हातचा गळणे’.

प्रतिसाद २ : सुंदर शब्द आहे, पण तो सगळीकडे लागू पडत नाही. चिन्हांकित (डावीकडचं पहिलं घर अधिक-उणे चिन्हाचं असलेल्या) आठ बिटांत 127 + 1 केलं तर हातचा गळत नाही, चिन्हाच्या घरात जाऊन बसतो आणि उत्तर −128 येतं. एरियान 5 या युरोपीय रॉकेटच्या वेळी तर बेरीजही नव्हती. 4 जून 1996 ला पहिल्याच उड्डाणात 64 बिटांची अपूर्णांकी संख्या 16 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात भरायला गेले. तिथे 32,767 पर्यंतच जागा, संख्या त्याहून मोठी. दिशा सांगणारे दोन्ही संगणक बंद पडले, आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट नष्ट झालं.

या सगळ्यांना पुरून उरणारं क्रियापद आपल्या घरातच आहे : मावणे. आकडा मावला नाही. एरर मेसेजमध्येही ‘बेरीज मावत नाही’ लिहिलं तर कुणालाही कळेल.

प्रश्नकर्ता : पटलं. पण मावत नसेल तेव्हा जे करतो, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद २ : रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत हे पर्याय वेगवेगळ्या नावांनी दिलेत, तसेच आपणही ठेवू. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं 99,999 वरून 00,000 वर येणं म्हणजे ‘फेरा’. कमाल आकड्यावरच थांबणं म्हणजे ‘टोक धरणे’. तिसरा पर्याय ‘मावतं का बघणे’. सी भाषेत ही तपासणी बेरजेच्या आधीच हवी, कारण चिन्हांकित बेरीज मावली नाही तर काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही, आणि नंतरची तपासणी कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा) काढूनही टाकू शकतो. ब धन असेल तर अ + ब करण्याआधी ‘अ > कमाल − ब’ असं विचारायचं.

प्रश्नकर्ता : उद्या फळ्यावर आठ घरं आखून हातच्यापासूनच सुरुवात करतो. तिला आधी सांगेन.