सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला, पण तुम्हाला खटकलेला सिनेमा

इंदूरकर मंडळी, काल छप्पन दुकानवर एका सिनेमावरून आमच्यात अशी जुंपली की पोहे गार झाले. म्हणून विचारतो, तुमचा खटका कोणता? कारण नेमकं सांगा. नुसतं 'बकवास' चालणार नाही.

सनावदचा नातू : 'बाजीराव मस्तानी'. 'पिंगा'वर सगळ्यांचं बोलून झालंय, ते सोडा. माझा खटका शेवटाचा. बाजीराव गेले ते आपल्याकडे, नर्मदेकाठी रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी. चाळिशीही गाठली नव्हती. लहानपणी आजोबा मला तिथे घेऊन गेले होते. ऐन उन्हाळा, समाधीपाशी आम्ही दोघं आणि दोन बकऱ्या. आजोबांनी चप्पल काढली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पडद्यावर मात्र बाजीराव भ्रमात, पाण्यात उतरून तलवार फिरवतो, तिकडे साखळदंडातली मस्तानी नेमकी त्याच क्षणी प्राण सोडते. शेजारच्या काकू हुंदके देत होत्या. मला त्या बकऱ्या आठवत राहिल्या.

रामबागवाली : कबूल. पण सिनेमा बघूनच माझ्या हिंदीभाषी सुनेने विचारलं, "आई, रावेरखेडी कुठे आहे?" तेवढं श्रेय द्या की.

जुनी सून : 'हम आपके हैं कौन'. चौदा गाणी होतात, तरी भरल्या घरात खरं बोलायला कुणाचं तोंड उघडत नाही. शेवटी चिठ्ठी पोचवायला कुत्रा लागतो! भाभी जिन्यावरून पडून जाते आणि तिच्या बाळासाठी धाकट्या बहिणीला बोहल्यावर उभं करायला निघतात. १९९४मध्ये मी स्वतः नवी सून होते, काही खटकलं नाही. आता घरात लग्नाची मुलगी आहे. गाण्यांना नावं ठेवणार नाही, लताबाई आपल्या इंदूरच्या.

सनावदचा नातू : सलमानचा जन्मही इंदूरचाच, काकू.

जुनी सून : असू दे.

हॉस्टेलवाला : मी 'धडक' आधी पाहिला, 'सैराट' नंतर. 'धडक'मध्ये उदयपूर इतकं देखणं दिसतं की जातीची गोष्ट त्यात कुठल्या कुठे विरते. 'सैराट'च्या शेवटी आवाजच बंद होतो, नि त्या पोराची पावलं... त्या रात्री मेसमध्ये जेवलो नाही. तरी सांगतो भिया, हैदराबादचा भाग लांबलाय.

रामबागवाली : तो कापला तर आर्ची नुसती बुलेट चालवणारी राहील. तिथे भाषा येत नाही, पैसे नाहीत, आईची आठवण येते, तेच तर बघायचं असतं बाळा.

गाणंवेडा : 'कट्यार काळजात घुसली'. पंडितजींचा आवाज शेंदराने जातो, तिथेच माझा रस संपला. गाण्याची लढाई गाण्यातच सुटायला हवी होती. बाकी गाणी रोज ऐकतो.

रामबागवाली : आणि 'बनवाबनवी'?

गाणंवेडा : त्यात काही खटकत नाही. बाबा मात्र दर वेळी म्हणतात, "आधी १९६६चा 'बीवी और मकान' बघ, मग हस." अजून बघितलेला नाही.