ब्लॉगरची लेबलं वर्डप्रेसवर सगळी कॅटेगरी होऊन आली, आता मांडणी कशी लावावी?

भटकीचूल

नमस्कार मंडळी. ब्लॉगरवरचा मराठी ब्लॉग वर्डप्रेसवर आणला आहे (स्वतःचं होस्टिंग, वर्डप्रेस डॉट कॉम नाही). विषय दोनच: खाद्यपदार्थ आणि गडकिल्ले. इम्पोर्टरने प्रत्येक लेबलाची कॅटेगरी केली. साधारण ३०० पोस्टी आणि १४० कॅटेगऱ्या झाल्यात, टॅग एकही नाही. 'उपवास', 'उपास' आणि 'उपवासाचे पदार्थ' या तिन्ही वेगळ्या कॅटेगऱ्या आहेत. एकेक पोस्ट सात-आठ ठिकाणी टिक केलेली आहे.

कॅटेगरी कशाला ठेवायची आणि टॅग कशाला, हे ठरवायचं कसं? ठरल्यावर एकेक पोस्ट न उघडता बदल कसा करायचा? आणि पत्त्यात मराठी अक्षरं ठेवावीत का?

सूचीकार

इम्पोर्टर बिघडलेला नाही. ब्लॉगरमध्ये लेबल हा एकच प्रकार असतो, कॅटेगरी आणि टॅग असा भेद तिथे नाही, म्हणून सगळं एकाच खणात येतं. पुढची वाटणी आपणच करायची असते.

ठरवताना पोस्टीला एकच प्रश्न विचारा: हे मुळात काय आहे? त्याचं उत्तर म्हणजे कॅटेगरी, आणि ते शक्यतो एकच असावं. पोस्टीत आणखी काय काय आहे, ते टॅगमध्ये जातं. साबुदाण्याची खिचडी घ्या. कॅटेगरी 'न्याहारी', टॅग 'उपवास' आणि 'साबुदाणा'. 'जिरे', 'मीठ', 'मिरची' हे टॅग करू नका, कारण 'जिरे' या शब्दावर टिचकी मारून पाककृती शोधायला कोणी येत नाही.

तुमच्या ब्लॉगला मला दोन मुख्य कॅटेगऱ्या दिसतात. 'खाद्यपदार्थ' खाली न्याहारी, भाज्या, आमटी-कढी, गोड पदार्थ, लोणची-चटण्या. 'भटकंती' खाली किल्ले, लेणी, घाटवाटा. कॅटेगरीत आई-मूल असं नातं लावता येतं, टॅग सगळे एका पातळीवर असतात. म्हणून ज्या गोष्टीला पोटविभाग हवेत ती कॅटेगरीच असली पाहिजे.

उपवर्गावर टिक केली की मुख्य वर्गावर वेगळी टिक नको. 'खाद्यपदार्थ' हे पान उघडल्यावर त्याखालच्या सगळ्या उपवर्गांच्या पोस्टी आपोआप दिसतात. ॲडमिनच्या यादीत मुख्य वर्गापुढे शून्य दिसेल, कारण तो आकडा फक्त थेट टिक केलेल्या पोस्टींचा असतो. तो बघून पुन्हा सगळीकडे टिका मारत बसू नका.

टॅगसाठी मी एकच अट पाळायला सांगेन: किमान तीन पोस्टी जमत नसतील तर टॅग तयार करू नका. एका पोस्टीचा टॅग म्हणजे तीच पोस्ट दुसऱ्या पत्त्यावर दाखवणारं पान. वाचकाला त्यात काही मिळत नाही आणि शोधयंत्रासाठी निकस पानांची रास वाढते.

घाटमाथा

'उपवास' टॅग करायला माझा विरोध आहे. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र जवळ आली की वाचक तेच शोधत येतो. ते मेन्यूत वर दिसायलाच हवं.

सूचीकार

मेन्यूत जरूर ठेवा, त्यासाठी कॅटेगरी करायची गरज नाही. अपीअरन्स → मेन्यूज या पानावर उजव्या कोपऱ्यात 'स्क्रीन ऑप्शन्स' आहे, तिथे 'टॅग्ज' वर टिक करा. हा खण सुरुवातीला लपवलेला असतो, त्यामुळे टॅग मेन्यूत घालताच येत नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. ब्लॉक थीम (जिच्यात 'मेन्यूज' हे पान नसतं) असेल तर नेव्हिगेशन ब्लॉकमध्ये टॅगची लिंक घाला.

'उपवास' कॅटेगरी केली की खिचडी तिथेही आणि न्याहारीतही. रताळ्याचा कीस, वरईचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू यांचंही तेच. दोन वर्षांत पुन्हा आज आहे तिथेच याल.

घाटमाथा

स्क्रीन ऑप्शन्सचं लक्षात आलं नव्हतं. मग टॅगच बरा.

पाटीपेन्सिल

आता प्रत्यक्ष काम. क्रम चुकवू नका, विशेषतः ४ आणि ५ चा.

१. आधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप. टूल्स → एक्सपोर्टची फाइल त्याऐवजी चालणार नाही. काही उलटं झालं तर तीनशे पोस्टींची नाती तिच्यातून जशीच्या तशी परत लावणं फार किचकट आहे.

२. सगळ्या कॅटेगऱ्या एका शीटमध्ये उतरवा. रकाने चार: आत्ताचं नाव, पोस्टींची संख्या, नवं नाव, निर्णय (कॅटेगरी / टॅग / विलीन / रद्द). सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

३. नव्या कॅटेगऱ्या तयार करा. सेटिंग्ज → रायटिंगमध्ये डिफॉल्ट कॅटेगरी बदला. डिफॉल्ट असलेली कॅटेगरी पुसता येत नाही, आणि एखादी कॅटेगरी पुसल्यावर ज्या पोस्टीला दुसरी उरत नाही ती इथेच येऊन पडते. म्हणून सफाई चालू असेपर्यंत 'तात्पुरती' नावाची कॅटेगरी डिफॉल्ट ठेवा. अनाथ पोस्टी एका जागी सापडतील.

४. पोस्टींच्या यादीत जुन्या कॅटेगरीने गाळा, स्क्रीन ऑप्शन्समधून एका पानावर १०० पोस्टी करा, सगळ्या निवडून बल्क ॲक्शन्स → एडिट, नव्या कॅटेगरीवर टिक, अपडेट. यात नवीन कॅटेगरी जोडली जाते, जुनी तशीच राहते. ते इथे सोयीचंच आहे.

५. सगळ्या पोस्टींना नवी कॅटेगरी मिळाल्यावरच टूल्स → इम्पोर्टमधून 'कॅटेगरीज अँड टॅग्ज कन्व्हर्टर' बसवा आणि शीटमध्ये 'टॅग' लिहिलेल्या कॅटेगऱ्या एकत्र टॅगमध्ये बदला. उपवर्ग असलेली कॅटेगरी बदलली तर तिचे उपवर्ग सुटे होऊन वरच्या पातळीवर येतात, हे लक्षात ठेवा.

६. 'उपास' चं 'उपवास' मध्ये विलीनीकरण: 'उपास' समोरच्या आकड्यावर टिचकी मारा, आलेल्या पोस्टी निवडा, बल्क एडिटच्या टॅगच्या चौकटीत 'उपवास' लिहा, अपडेट. मग 'उपास' पुसा. अशी वीस-पंचवीस असतील तर 'टर्म मॅनेजमेंट टूल्स' हे प्लगइन घ्या, त्यात थेट 'मर्ज' आहे.

पर्मालिंकमध्ये (पोस्टीच्या पत्त्याच्या रचनेत) कॅटेगरी घालू नका, नुसतं पोस्टीचं नाव ठेवा. कॅटेगरी घातली तर आज केलेली प्रत्येक दुरुस्ती पोस्टीच्या पत्त्यालाही हात लावते.

ऱ्हस्वदीर्घ

मराठी टॅगमध्ये खरा त्रास अक्षरांचा होतो. 'ट्रेकिंग' आणि 'ट्रेकींग' हा फरक डोळ्यांना दिसतो तरी. 'वऱ्हाडी' शेजारी शेजारी ठेवले तर एकसारखेच दिसतात आणि आत वेगळे असू शकतात. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. तसंच 'ॲप': एकात 'ॲ' हे एकच अक्षर, दुसऱ्यात 'अ' वर अर्धचंद्र. कीबोर्ड बदलला की हे होतं, आणि एकाच नावाचे दोन टॅग तयार होऊ शकतात. मग निम्म्या पोस्टी इकडे, निम्म्या तिकडे.

ओळखायचं असं: वरच्या शीटमध्ये नावाशेजारी 'लेन' हे चिन्हं मोजणारं सूत्र घाला. पहिल्या प्रकारच्या 'वऱ्हाडी' ची लांबी ७ येते, जोडचिन्हवाल्याची ८. 'ॲप' २ किंवा ३. शेवटी चिकटलेली रिकामी जागाही यातच पकडली जाते.

पुढे टॅग पूर्ण टाइप करू नका. दोन-तीन अक्षरं लिहिली की खाली सूचना येते, तिथूनच उचला. मान्य टॅगांची यादी एका फाइलीत ठेवा. एकापेक्षा जास्त जण लिहीत असतील तर नवा टॅग काढायचा अधिकार एकाकडेच द्या.

स्लगबद्दल, म्हणजे पत्त्यात येणाऱ्या नावाबद्दल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं (तीन बाइट, प्रत्येकाला टक्का आणि दोन खुणा). वर्डप्रेसमध्ये स्लगची मर्यादा २०० आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'पश्चिम महाराष्ट्रातील खाद्यसंस्कृती' चा स्लग '…महाराष्ट्रातील-खा' इथे तुटतो. त्यातून व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवली की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते. नाव देवनागरीत आणि स्लग रोमन लिपीत, छोटा, लहान अक्षरांत ठेवा. आत्ताच करून घ्या. पोस्टीचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे स्वतः पाठवतं, कॅटेगरी आणि टॅगच्या बाबतीत ते होत नाही. तिथे 'रिडायरेक्शन' सारखं प्लगइन घालून ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं पाठवणं) लावावा लागतो.

भटकीचूल

खूप नेमकं मिळालं, आभार. दोन शंका. किल्ल्यांना जिल्हा टॅग लावायचा आहे, पण जुन्या पोस्टींत 'अहमदनगर', 'औरंगाबाद', 'उस्मानाबाद' आहे. आणि ब्लॉगरवरच्या जुन्या लेबलांच्या लिंका गेल्याचं नुकसान किती?

पाटीपेन्सिल

जिल्ह्यांसाठी नवा टॅग काढू नका. टॅग एडिट करून फक्त नाव बदला: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. नाव बदललं तरी स्लग आपोआप बदलत नाही, त्यामुळे पोस्टी आणि पत्ता दोन्ही जागेवर राहतात. 'डिस्क्रिप्शन' च्या चौकटीत जुनं नाव एका वाक्यात येऊ द्या, कारण हरिश्चंद्रगडाची वाट शोधणारे अजून 'अहमदनगर' लिहूनही शोधतात. थीम ते वर्णन पानावर दाखवते का तेवढं बघा, काही थीम दाखवत नाहीत.

लेबलांची काळजी नको. ब्लॉगरची लेबलपानं 'सर्च' या पत्त्याखाली असतात आणि ब्लॉगरची मूळ रोबोट्स फाइल शोधयंत्रांना तो भाग वाचू देत नाही. ती फाइल तुम्ही बदलली नसेल तर शोधातून लेबलपानावर येणारे वाचक नगण्यच असणार. मात्र जुन्या पोस्टींच्या मजकुरात 'आणखी उपवासाचे पदार्थ इथे पाहा' अशा लेबलाच्या लिंका हाताने घातल्या असतील तर त्या अजून जुन्या ब्लॉगकडेच जात असतील. पोस्टींच्या यादीतल्या शोधचौकटीत रोमन लिपीत 'सर्च/लेबल' टाकून बघा, अशा सगळ्या पोस्टी एकदम सापडतील.