डिचोलीजवळ घर बांधायचंय: मंदीत थांबावं की आत्ताच हात घालावा?

डिचोलीकर_८८
नमस्कार मंडळी. गावात वडिलोपार्जित जागेतला ३०० चौरस मीटरचा तुकडा माझ्या वाट्याला आहे. तळमजल्याचं ११०० चौरस फुटांचं घर मनात आहे. कंत्राटदार मालासकट २४०० रुपये फूट सांगतो, म्हणजे २६ लाख ४० हजार. बायकोचं म्हणणं, त्यापेक्षा म्हापशाला फ्लॅट बघू. आणि ओळखीचा एजंट म्हणतो, किनारपट्टीत व्हिला पडून आहेत, मार्केट बसलंय, वर्षभर थांब, सगळं स्वस्त होईल. होईल का खरंच? पगार दोघांचा बेताचाच आहे, २५ लाखांपर्यंत कर्ज झेपेल.

साखळीचा_शेजारी
एजंटाचं अर्धंच खरं आहे. किनाऱ्याकडच्या आसगाव-शिवोलीतला व्हिला दिल्लीवाल्याने घेतला नाही म्हणून आपला गवंडी रोजात दमडी सोडत नाही. आपण खाणपट्ट्यातल्यांनी मंदी बघितलेली आहे. २०१२ ला खाणी बंद, २०१८ ला पुन्हा. ट्रक दारात उभे, हप्ते थकलेले. तरी आमच्या वाड्यावर जमिनीचा दर कुणी खाली आणला नाही. विकणारा अडून बसला, घेणारा फिरकला नाही, व्यवहार थांबले एवढंच. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं! पण ही कुलूपबंद घरं ना विकायला येतात ना भाड्याला, मग भाव उतरणार कुठून?

चिरेबंदी
घरं बांधणं हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंदीत स्वस्त होतो तो कंत्राटदाराचा वेळ, माल नव्हे. मोठी कामं हातात नसली की चांगला मेस्त्री लवकर मिळतो आणि तारखाही पाळतो. रेतीचं म्हणाल तर इथल्या नद्यांतल्या उपशावर कोर्टाचा बडगा आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या गाडीचं भाडं आपल्याच माथी. चिरेही (जांभ्या दगडाचे) बरेचसे सिंधुदुर्गातून येतात, तिथेही तेच. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ३०० धरली तर गोणीमागे ३० रुपये. तुमच्या घराला साडेचारशेच्या आसपास गोण्या लागतील, म्हणजे वाचले तेरा-साडेतेरा हजार. त्यासाठी कुणी वर्ष थांबतं का?

खरे पैसे आराखड्यात वाचतात. तळमजलाच बांधायचा तर चिऱ्याच्या भारवाही भिंती पुरतात, प्लिंथला (जोत्याला) आणि लिंटलला (दारं-खिडक्यांच्या माथ्याला) आरसीसीचा, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटचा पट्टा द्या. सगळीकडे कॉलम उभे केले की लोखंड उगाच वाढतं. स्लॅब घालायची आणि दोन पावसांनी ती गळते म्हणून वर पत्र्याचं छप्पर चढवायचं, हा आपल्याकडचा दुहेरी खर्च. त्यापेक्षा सरळ मंगलोरी कौलं घाला. बाहेरून गिलावा न करता नुसती दर्जभरणी (चिऱ्यांमधले सांधे भरणं) केलीत तरी चालेल, मात्र पश्चिमेच्या भिंतीवर पागोळी लांब ठेवा, झड तिथेच बसते. चिरा उतरवून घेताना हातोडीने ठोकून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, पांढऱ्या मातीचे खड्डे दिसले तर गाडी परत पाठवा.

आणि २४०० मध्ये काय काय नाही ते आधी विचारा. सेप्टिक टाकी, शोषखड्डा, कंपाउंड, विजेचा मीटर, विहिरीचा पंप, हे सगळं बहुतेक कोटेशनांत ‘एक्स्ट्रा’ असतं. पैसे प्लिंथ, लिंटल, छप्पर अशा टप्प्यांनीच द्या. पाया पावसाआधी जोत्यापर्यंत आला पाहिजे, नाहीतर जून ते सप्टेंबर खड्ड्यातलं पाणीच उपसत बसाल.

बँकेतली_मावशी
बाळा, तू सिमेंटकडे बघतोयस, व्याजाकडे बघ. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला. २५ लाख, २० वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता साधारण २२,५००, पावणेआठने २०,५००. ही मंदीची खरी भेट. पण दर बदलता असतो, तेव्हा २२,५०० झेपेल असंच गणित मांड.

फ्लॅट घेतलास तर भोगवटा दाखला (इमारत राहायला तयार असल्याचा) मिळालेला घे, त्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के; ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या) आत असेल तर १ टक्का. करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदाच आहे. शहरात घेणार असाल, दोघांचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत आणि घराची किंमत ३५ लाखांच्या आत असेल, कुठेच पक्कं घर नावावर नसेल, तर पंतप्रधान आवासच्या व्याज अनुदानाचीही चौकशी कर. १ लाख ८० हजारांपर्यंत मिळतं, पाच हप्त्यांत.

फोंडेकर
न विकलेल्या फ्लॅटचा दर बिल्डर उघडपणे उतरवत नाही, बाकीचे ग्राहक भांडायला येतात. पार्किंग, वकिलाची फी, किचनचा ओटा यांवर घासाघीस करा, तिथे सोडतो.

साखळीचा_शेजारी
मूळ मुद्दा राहिलाच. एक-चौदा (जमिनीचा उतारा) कुणाच्या नावावर आहे? जागा सेटलमेंट झोनमध्ये (जिथे घर बांधता येतं) आहे का? सनद (जमीन बिनशेती केल्याचा दाखला) काढलीय? झोन बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे झोन बदलाचे नियम मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने रद्द केलेत. सनद नसेल तर कंत्राटदाराला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

डिचोलीकर_८८
सर्वांचे आभार. झोन सेटलमेंटच आहे, पण उतारा अजून आजोबांच्या नावावर. दोन काका, एक मुंबईला. सह्या फक्त काकांच्या लागतील ना?

साखळीचा_शेजारी
नाही, काकूंच्याही. इथल्या कायद्यात नवरा-बायको दोघांची संमती लागते. वारसाचा दस्त आधी, वाटणी नंतर. एकमत नसेल तर इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातून वाटणी करून घ्यायला जावं लागेल. मुंबईवाल्या काका-काकूंचं मुखत्यारपत्र चालतं, पण सर्व्हे नंबर आणि नेमकं काम लिहिलेलं हवं, मोघम नको. मसुदा इथल्या वकिलाकडूनच करून पाठवा.

चिरेबंदी
ते होईपर्यंत नकाशा तयार करून घ्या. कौलाचाच.