स्वसंरक्षणाच्या वर्गात थांबणेही शिकवावे का?

दादरचा प्रशिक्षक:
प्रहार शिकवणाऱ्याने थांबणेही त्याच तासाला, त्याच सरावात शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अनेक वर्गांत मनगट सोडवणे, हनुवटीवर तळहाताचा फटका, पोटात गुडघा आणि जोडीदार मॅटवर पडल्यावर आणखी एक लाथ, असा क्रम घोटून घेतला जातो. ती शेवटची लाथ बचावासाठी नसते, पण सवय मात्र तिचीही लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी फरशीवर डोके आपटून माणूस मरू शकतो आणि ते मरण आपल्या हातून झालेले असते, हे सोळा वर्षांच्या मुलाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

शेवटची कर्जत:
सर, हे मुलांच्या तुकडीला जरूर सांगा. मुलींना ‘जाऊ दे, लक्ष देऊ नकोस’ हा संयम घरातूनच इतका मिळालेला असतो की, लोकलच्या रिकाम्या डब्यात कोणी अंगावर आले तरी त्यांचा पहिला फटका उशिरा पडतो, आणि तुम्ही त्यात आणखी एक विचार घुसडत आहात. हल्ला झेलणाऱ्याकडून गणिती काटेकोरपणाची अपेक्षा करणे अवास्तव आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच दर्शन सिंग प्रकरणात २०१० साली म्हटले आहे. कलम ३८ तर बलात्काराच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यात जीव घेण्यापर्यंत मुभा देते.

फौजदारी वकील, घाटकोपर:
त्याच निकालात, वापरलेले बळ गरजेपेक्षा फारच जास्त असू नये, असेही म्हटले आहे. शिवाय बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवरच येते, आणि फलाटावरच्या सीसीटीव्हीत पडलेल्या माणसाला मारलेली लाथ स्वच्छ दिसते.

दादरचा प्रशिक्षक:
पहिल्या फटक्याआधी विचार करा, असे मी म्हटलेलेच नाही. तो जोरातच बसला पाहिजे. माझा आग्रह एवढाच आहे की, समोरचा कोसळला की दोन पावले मागे, हात छातीसमोर, मोठ्याने हाक आणि दाराकडे धाव, हेही तितक्याच वेळा घोटून घ्यावे.

शेवटची कर्जत:
लिफ्टमध्ये किंवा चाळीच्या जिन्यावर दोन पावले मागे जायला जागाच नसते, आणि पडलेला माणूस पाय धरतो. तिथे काय करायचे ते आधी मॅटवर दाखवा, नीतीचे त्यानंतर बोलू.