टॉड मॅकग्रेन यांची शिल्पे आणि आपला रानपिंगळा
नामशेष पक्ष्यांचे पुतळे उभारण्यापेक्षा तो पैसा जंगलावर खर्चावा, हा काही जणांचा मुद्दा रास्त असला, तरी टॉड मॅकग्रेन यांच्या कामाला तो पुरता लागू होत नाही. या अमेरिकी शिल्पकाराने प्रवासी कबुतर, ग्रेट ऑक, हीथ हेन अशा पाच नामशेष पक्ष्यांची भव्य ब्राँझ शिल्पे घडवली आणि ती संग्रहालयात न कोंडता, त्या त्या पक्ष्याच्या अखेरच्या अधिवासाशी नाते असलेल्या जागी बसवली. पिसांचे बारकावे गाळून पृष्ठभाग इतका गुळगुळीत ठेवला, की पाहणाऱ्याचा हात आपसूक त्यावरून फिरावा. हीथ हेन १९३२ मध्ये अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेवटची दिसली, आणि तिचे शिल्पही तिथल्याच राखीव वनात आहे. पेंढा भरलेल्या पक्ष्यापेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

खानदेशाला तर हा विषय मुळीच परका नाही. १८८४ नंतर नोंद नसल्याने नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. झाडांच्या ढोलीत घरटे करणाऱ्या या छोट्या घुबडाचे शिल्प शहाद्यात किंवा तळोद्यात उभे राहिले, तर ते हयात पक्ष्याचे असेल, आणि मग वृक्षतोडीचा जाब तिथेच, चारचौघांत विचारता येईल.