नवरात्रात आईला घेऊन बँकॉकचं चायनाटाउन: कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी काय करावं?

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर)
नमस्कार मंडळी. आईला घेऊन चार दिवस बँकॉकला निघालोय. घट दादाकडे बसतात, त्यामुळे घरची काळजी नाही. आईला सोन्याचा बुद्ध बघायचाय, मला यावरात या चायनाटाउनच्या मुख्य रस्त्यावरचा रात्रीचा बाजार. पण त्या नऊ दिवसांत ती कांदा-लसूणसुद्धा खात नाही. तिची उपासमार तर होणार नाही ना? आणि आधी देवळं की बाजार?

उत्तर (रामबाग, इंदूर)
दादा, आधी देवळं. वाट त्राइमित (‘वाट’ म्हणजे देऊळ) संध्याकाळी पाचला बंद होतं. सोन्याचा बुद्ध तिथेच, वरच्या मजल्यावर. साडेपाच टनांची मूर्ती, पण कित्येक पिढ्या गिलाव्याखाली झाकलेली. 1955 मध्ये हलवताना खाली पडली, गिलावा तडकला आणि आतलं सोनं दिसलं. हे सांगितल्यावर माझ्या सासूबाई हात जोडून जमिनीवर बसल्या त्या बसल्याच. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

तिथून यावरात चालत गाठता येतं. बघाल तर आपला सराफाच! दिवसा सोन्याची दुकानं, अंधार पडला की त्यांच्यासमोर शेगड्या पेटतात.

आता खाण्याचं. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. 2024 मध्ये पहिल्या रात्री मी एका गाडीवर व्हेज नूडल्स मागवल्या. भाज्याच होत्या, पण घास तोंडाशी नेला आणि माशाचा वास आला. फिश सॉस तिथे मिठासारखा पडतो. सासूबाईंनी बशी हळूच बाजूला सारली आणि केळी खाऊन झोपल्या. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, शब्द ‘जे’ आहे. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं दिसली की तिथे मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. हॉटेलातून तो शब्द कागदावर लिहून घ्या, गाडीवाल्याला दाखवा.

आणि ‘बुआ लॉय नाम खिंग’ आईंना नक्की द्या. आल्याच्या गरम, गोड पाण्यात तांदळाच्या पिठाचे गोळे. चमच्याने फोडला की काळ्या तिळाचं सारण बाहेर येतं. पारी उकडीच्या मोदकासारखी, जरा जास्त चिवट. सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या. मात्र उपास असेल तर तांदूळ चालणार नाही, ते तुम्ही बघा.

उत्तर (अलकापुरी, वडोदरा)
ताईंच्या उत्तरात एक भर. पिवळे झेंडे जागोजागी दिसतात ते ‘जे’ खाण्याच्या उत्सवात, म्हणजे चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत. 2024 मध्ये तो उत्सव आणि आपलं नवरात्र, दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाले. 2025 मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आला आणि उत्सव नवरात्राच्या जवळपास महिनाभर पुढे गेला. तेव्हा तिकिटाआधी तारखा जुळवा. सोमवार टाळा, खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. वाट मांगकोन हे 1871 चं चिनी देऊळ त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनजवळ आहे. उत्सवात तिथे फार गर्दी असते, आईंना सकाळी न्या. देवीचं दर्शन हवं असेल तर सिलोम रस्त्यावर मरिअम्मनचं देऊळ आहे, नवरात्र तिथेही होतं.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. उपास ती उठता-बसताच करते, मधले दिवस जेवते. म्हणजे तिळाचे गोळे चालतील. कागदावर ‘जे’ मोठ्या अक्षरात लिहून घे, म्हणाली, चष्मा विसरला तरी दिसलं पाहिजे.